स्वतःच स्वतःला उत्तरं देणारा संगणक

भाऊजींच्या मते जगात गुप्तहेरांचे दोनच प्रकार होते. एका प्रकारात बाकीचे सगळे येत आणि दुसऱ्यात ते स्वतः. घारीची नजर, चित्त्याची चपळाई, शिकारी कुत्र्याचं नाक, असं आपलं वर्णन ते स्वतःच करत. त्यावर त्यांची मेव्हणी विचारी, "आणि पिंजरा कोण साफ करतं?"

ही मेव्हणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण आणि दुकानातली एकुलती एक सहायक. ती भाऊजी म्हणायची म्हणून गिऱ्हाइकंही भाऊजीच म्हणू लागली. त्यात सत्तरीच्या आजीबाईही होत्या.

धंदा तसा संगणक दुरुस्तीचा. पण 'दुरुस्ती' हा शब्द भाऊजींना चालत नसे. ते 'तपास' करत. प्रिंटरमध्ये कागद अडकला की तो 'डांबून ठेवलेला' असे आणि माउस बंद पडला की 'निपचित अवस्थेत आढळलेला'. आजवरच्या तपासांत त्यांनी कितीतरी निरपराध तारा आणि पंखे बदलून टाकले होते. खरा गुन्हेगार बहुधा हातावर तुरी देई. एकटे असले की भाऊजी हे मान्य करत. म्हणून ते एकटे राहायचं टाळत.

त्यांच्या कर्तृत्वाचा कळस म्हणजे 'सुटसुटीत'. सगळ्यांसाठी खुली असलेली एक ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन त्यांनी ती आपल्या हाताने कापूनछाटून बेतली होती. जुनाट संगणकही तिच्यावर तुरुतुरु चाले. खेळ काढले, घंटा काढल्या, कोपऱ्यात सारख्या उगवणाऱ्या सूचना काढल्या.

"अहो, सूचना कशाला काढल्या?" मेव्हणीने विचारलं होतं.

"दिवसभर टोकायला मला घरात तुझी ताई आहे. संगणकाची त्यात भर नको."

तर ही 'सुटसुटीत' दातांच्या डॉक्टरबाईंच्या संगणकावर चढली. दुकानात ती पाण्यासारखी चालली होती. सकाळी भाऊजींनी मेव्हणीच्या मदतीने संगणक दवाखान्यात आणला, सोबत वायरचा नवाकोरा कीबोर्ड जोडला, टेबल चकाचक आवरलं आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "दोन मिनिटं. इथे पहिल्यांदा सुरू होताना चार प्रश्न विचारेल, की झालं."

त्या दोन मिनिटांवर विश्वास ठेवून डॉक्टरबाईंनी खुर्चीतल्या पेशंटला भूल दिली. पेशंट म्हणजे एक नामांकित वकील. अक्कलदाढ आडवी उगवली होती. तिचं मूळ शिरेच्या किती जवळ आहे हे एक्स-रे पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि एक्स-रे होता या संगणकात.

भाऊजींनी बटण दाबलं. पडद्यावर भाषांची यादी आली. त्यांनी बोट उचललं आणि ते हवेतच राहिलं, कारण यादीतली पहिली भाषा आपोआप निवडली गेली. तिची लिपी मोठी देखणी होती, पण खोलीतल्या कुणालाही वाचता येत नव्हती. लगेच दुसरा प्रश्न आला नि गेला. तिसराही गेला. चौथा प्रश्न काय आहे हे भाऊजींना ठाऊक होतं. 'जुन्या फाइली पुसायच्या की ठेवायच्या?' आणि लोकांचे कष्ट वाचावेत म्हणून 'पुसायच्या' हे उत्तर त्यांनी स्वतःच पहिलं ठेवलं होतं.

त्यांनी झेप घेऊन प्लग उपटला. ही झेप मात्र खरोखर चित्त्याची होती.

"काय झालं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काही नाही. संशयित बोलायला लागला होता, जरा जास्तच." भाऊजींनी आवाज खाली आणला. "बाई, एक्स-रेंची दुसरी प्रत असेलच ना तुमच्याकडे?"

"काल तुम्हीच म्हणालात ना, 'काळजी माझ्यावर सोडा'? म्हणून सोडली."

सगळ्या पेशंटच्या सगळ्या दाढा त्या एका डबड्यात होत्या. प्लग पुन्हा लावला की मशीन पुन्हा तीच उत्तरं देणार, आणि या वेळी हात वेळेवर पोहोचला नाही तर? त्यांनी मेव्हणीला प्लगपाशी उकिडवं बसवलं. "तिसरा प्रश्न आला की खेच! चौथ्याला फाइली पुसल्या जातील."

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. "ऑअर!"

वकीलसाहेब उठून बसले होते. अर्धं तोंड बधिर, ओठ एका बाजूला लोंबलेला. ते हात नाचवून म्हणाले, "ऑअर! ऑअर!"

"पॉवर!" भाऊजी उद्गारले. "बरोबर! इथली वीजच दूषित आहे. बाई, सगळी यंत्रं बंद करा!"

हवेचा पंप बंद झाला. पाण्याचा फवारा बंद झाला. डोक्यावरचा दिवाही विझला. अंधारात संगणक सुरू केला. पहिला प्रश्न गेला, दुसरा गेला. "खेच!" मेव्हणीने खेचला. अंधारात कुणाचं तरी डोकं टेबलावर आपटलं. कुणाचं ते भाऊजींनी सांगितलं नाही. फक्त कपाळ चोळलं.

"ऑ-अ-र!" वकीलसाहेब आता दातओठ खाऊ लागले होते, त्यातला ओठ अर्धाच हाताशी असला तरी.

"हॅकर!" भाऊजींचे डोळे चमकले. "कुणीतरी दुरून बसून आपल्या संगणकाची उत्तरं देतंय. अदृश्य हात!" त्यांनी इंटरनेटची वायर उपसली, डॉक्टरबाईंचा फोन बंद करायला लावला. मग खिडकीचा पडदा बाजूला करून समोरच्या बाकावर पेपर वाचणाऱ्या गृहस्थाकडे बराच वेळ रोखून पाहिलं. गृहस्थांनी पेपर उंच धरला. "बघितलंस? तोंड लपवतोय."

"भाऊजी, ऊन आलंय त्यांच्या डोळ्यांवर."

संगणक पुन्हा सुरू झाला. प्रश्न सटासट गेले. "खेच!"

"भूल उतरायला लागेल हं थोड्या वेळात," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, पण हातातला चिमटा उघडझाप करत होता.

वकीलसाहेबांनी हवेत लिहिल्याची खूण केली. भाऊजींनी त्यांना पाण्याचा ग्लास दिला. वकीलसाहेबांनी तो हताशपणे तोंडाला लावला आणि सगळं पाणी हनुवटीवरून सदऱ्यात गेलं. मग त्यांनी टेबलाकडे बोट केलं. टेबलापाशी डॉक्टरबाई उभ्या होत्या.

"ऑअर!!"

"डॉक्टर?" भाऊजी दोन पावलं मागे सरले. "बाई... तुम्ही?"

"मी माझेच एक्स-रे कशाला पुसेन?"

"मोठे गुन्हेगार हेच विचारतात."

"भाऊजी," मेव्हणी प्लगपाशी बसूनच म्हणाली, "बाईंच्या हातात चिमटा आहे. जरा जपून बोला."

खरं तर त्या खोलीत अक्कल म्हणावी अशी एक दाढच होती, आणि तीही काढायला आलेली. शेवटी तिच्याच मालकाचा संयम सुटला. वकीलसाहेब गळ्यातल्या कागदी रुमालासह खुर्चीतून उतरले. "पुराव्याला हात लावू नका!" असं ओरडणाऱ्या भाऊजींना त्यांनी कोपराने बाजूला केलं आणि टेबलाचा ड्रॉवर खाडकन ओढला.

आत जुना बिनतारी कीबोर्ड होता. त्यावर प्लास्टरचा एक जबडा बसला होता, कुणाच्या तरी कवळीसाठी घेतलेला साचा. त्याच्या सुळ्याखाली एंटरची कळ घट्ट दबलेली होती.

वकीलसाहेबांनी जबडा उचलला. मेव्हणीने न सांगताच प्लग लावला. भाषांची यादी आली आणि शहाण्यासारखी थांबून राहिली.

भाऊजींची दातखीळ बसली.

मेव्हणी वाकून संगणकाच्या पाठीमागे पाहत होती. तिथे जुन्या बिनतारी कीबोर्डचे संदेश पकडणारा नखाएवढा तुकडा अजून खोचलेलाच होता. तिने तो उपटला आणि भाऊजींच्या तळहातावर ठेवला. 'दुसरा कीबोर्ड जोडलेला आहे' हे सांगणारी सूचना कुठे गेली, ते तिने विचारलं नाही. न विचारणं जास्त लागतं हे तिला माहीत होतं.

भाऊजींनी चारही उत्तरं स्वतःच्या बोटाने, एकेक कळ नीट बघून दिली. एक्स-रे उघडला. दाढेचं मूळ शिरेपासून सुरक्षित अंतरावर होतं. डॉक्टरबाईंनी भुलीची अजून एक सुई दिली आणि तासाभरात दाढ ट्रेमध्ये आली.

वकीलसाहेब बोलू लागेपर्यंत भाऊजी थांबले. पळून जावंसं फार वाटत होतं, पण थांबले. वकीलसाहेबांनी कापसाचा बोळा गालात सरकवला आणि भरकोर्टात विचारावं तसं विचारलं, "डॉक्टरांनी साचा ड्रॉवरमध्ये ठेवला, हे मी पाहिलं. पण त्याआधी कीबोर्ड तिथे कुणी टाकला होता?"

डॉक्टरबाई भाऊजींकडे बघत होत्या.

"मीच," भाऊजी म्हणाले. "टेबल आवरताना."

"आणि 'पुसायच्या' हे उत्तर पहिलं कुणी ठेवलं होतं?"

"तेही मीच, साहेब."

वकीलसाहेब हसायला गेले, अर्धंच हसू आलं. डॉक्टरबाईंनी मात्र मनसोक्त दात काढले. स्वतःचे, म्हणजे हसून.

संगणकातल्या सगळ्या एक्स-रेंची एक प्रत भाऊजींनी तिथेच, फुकट काढून दिली. घरी जाताना ते कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "उद्या 'सुटसुटीत'मध्ये सूचना परत घालतो. आणि 'ठेवायच्या' पहिलं करतो."

"करा."

"ताईला सांगणार आहेस का?"

मेव्हणीने त्यांची पिशवी आपल्या हातात घेतली.

"सांगणार तर! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्याला गुन्हेगार सापडलाय, भाऊजी. आणि बघा, किती गुमान घरी येतोय."