प्रमुख पाहुणे अकरावे

आमच्या मजल्यावरचे तांडेलकाका सायकल चालवायला निघाले की आधी माझ्या दारात येऊन दात काढून देतात. पुढचे दोनच. कुठल्याशा शर्यतीत पडले तेव्हा खरे दात रस्त्यावर राहिले, त्यांच्या जागी ही एवढीशी कवळी. दातांपाठोपाठ लग्नातली अंगठी, गळ्यातली साखळी आणि घराची चावी. सगळं एका स्टीलच्या डबीत, आणि डबी माझ्या हातात.

"डबी सोडून नव्वद ग्रॅम," काका म्हणतात. "पुलावर चढताना मना एवढंच भारी पडतं, बाय."

वेळ पहाटे पाचची. काकूंना त्या वेळी उठवण्याची हिंमत त्यांच्यात नाही. मी शिकवते ती शाळा सकाळची, त्यामुळे मी जागी असते. मुलांचा डबा भरता भरता मी शेजाऱ्यांचे दात सांभाळते.

काका छप्पन्न वर्षांचे. मूळ सारसोळ्याचे, वडील खाडीत जाळी टाकायचे. काकांचं गावात विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचं दुकान आहे आणि दुकानाच्या शटरवर बहुतेक वेळा 'आत्ता येतो' अशी पाटी. हे 'आत्ता' साठ-सत्तर किलोमीटरचं असतं. बरं, नुसती हौस म्हणून फिरतात असंही नाही. अजून शर्यती मारतात, त्याही खुल्या गटात, पंचविशीतल्या पोरांबरोबर. ज्येष्ठांच्या गटात का जात नाही, असं मी एकदा विचारलं.

"तिकडं तिघं जन येतात," काका म्हणाले. "एकाचा गुडघा दुखतो, दुसऱ्याचा जावई फोटो काढायला येतो. तिसरा आलो तरी पेपरात नाव. ती काय रेस हाय?"

वजनाचं त्यांना वेडच आहे. काकूंनी लाडवांसाठी आणलेला डिजिटल काटा काकांनी पळवला आणि त्यावर सायकलीचा एकेक नट मोजला. केळं सालीसकट नेत नाहीत. सोलून, पिशवीत घालून नेतात. "सालीचं वजन कोन वाहनार?" काकू एकदा म्हणाल्या, "मग रात्री तीन वाट्या भात चेपता, तो मोजा की." काकांनी शांतपणे उत्तर दिलं, "ते सामान नाय, पेट्रोल हाय."

पायांवरचे केस ते दर पंधरा दिवसांनी साफ काढतात. सायकलपटू काढतातच म्हणे. पडलं तर जखम धुवायला सोपं जातं, मालिश नीट होते. पण सोसायटीत हे कोणाला सांगणार? गणपतीच्या मीटिंगला काका हाफ पँट घालून आले, तेव्हा सगळ्या बायका वर्गणी सोडून त्यांच्या पिंढऱ्यांकडे बघत होत्या. काकू माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "हळदीला पन इतके गुळगुळीत नव्हते गं."

तिसरी गोष्ट वाऱ्याची. शर्यतीत दुसऱ्याच्या मागे चिकटून राहिलं की वारा त्याला लागतो, आपली ताकद वाचते. काका हे रस्त्यावरही पाळतात. नेरुळच्या मार्केटात खाडीचा वारा सुटला की एखाद्या जाड्या माणसामागून चालायला लागतात, तो वळला की पुढचा जाड्या शोधतात. दोनदा मारामारी होता होता राहिली. एकदा बराच वेळ ते माझ्याच मागून येत होते. त्याचा अर्थ घरी आल्यावर माझ्या लक्षात आला आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

गेल्या हिवाळ्यात सीवूड्सच्या बाजूला रस्ता बंद ठेवून एक शर्यत झाली. बारा फेऱ्यांची. आयोजकांचा काकांना फोन आला: काका, यंदा तुम्ही प्रमुख पाहुणे म्हणून या, सत्कार करू, तुमच्याच हातून झेंडा दाखवू. फोन ठेवून काका माझ्याकडे आले. चेहरा पडलेला.

"मना म्हातारा केला त्यांनी," ते म्हणाले. "शाल घालून बाजूला बसवनार."

"नको म्हणा मग."

"नाय बोल्लो तर वाईट दिसतं." जायला वळले, पुन्हा आले. मग म्हणाले, "बाय, रविवारी गाडी काढशील? तू फक्त माझ्याजवळ उभी रहा."

काकू रविवारी भाचीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या, त्यामुळे सगळा कारभार माझ्याकडे आला. काका पाहुण्यांसारखे पांढरा शर्ट-पँट घालून मंचावर बसले. शाल झाली, नारळ झाला. निवेदक त्यांच्या 'दीर्घ कारकिर्दीला' शुभेच्छा देत होता, तेव्हा काका पँटच्या आत काहीतरी चाचपत होते. खाली सत्तरेक पोरं रांगेत उभी. काकांनी झेंडा खाली आणला, पोरं सुटली, आणि दुसऱ्याच क्षणी झेंडा, शाल, नारळ आणि पांढरा शर्ट माझ्या हातात होता. आत सायकलची जर्सी, पाठीवर रीतसर नंबर. फॉर्म त्यांनी महिनाभर आधीच भरून ठेवला होता. मंचामागून सायकल काढून काका निघालेसुद्धा. पँट त्यांनी पहिल्या वळणाआधी, पायातली चप्पल झटकावी तशी काढून रस्त्याकडेला टाकली. ती उचलायला मीच गेले.

आयोजक माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "मी शेजारीण आहे फक्त."

गंमत तेवढ्यावरच संपली. त्या शर्यतीचा नियम असा की पुढच्या घोळक्याने मागच्याला एक फेरी घालून गाठलं, की त्याने बाहेर पडायचं. काका पहिल्या फेरीला शंभरेक मीटर मागे, एकटे, तोंडावर सगळा वारा. दुसऱ्या फेरीलाही तसेच. माझ्या शेजारचा कोणीतरी म्हणाला, "आजोबांना आता उचलतील." मला त्याचा इतका राग आला की नारळ हातात आहे हे बरं नाही, असं वाटलं.

पण पोरं वळणावर ब्रेक लावत होती आणि काका लावत नव्हते. प्रत्येक वळणाला दहा-पंधरा मीटर खाल्ले. चौथ्या फेरीला ते घोळक्याच्या शेपटाला लागले, आणि मग बाराव्या फेरीपर्यंत मला ते दिसतच नव्हते, इतके आत शिरले होते. शेवटी सगळे पेडलवर उभे राहून सुटले. काका अकरावे आले.

उतरल्यावर त्यांना धड उभं राहता येईना. पोरं पाठ थोपटायला आली, उपमा आला, फोटोवाला आला. काका म्हणाले, "बाय, गाडी सानपाड्याला घे. लगेच."

"घरी नको?"

"अन्वर वाट बघतोय."

गाडीत कळलं ते असं. अन्वर मुकादम, रायगड किनाऱ्यावरचा, सानपाड्यात हार्डवेअरचा धंदा. दोघं सव्वीस वर्षं एकत्र शर्यती मारत होते. दोन वर्षांपूर्वी अन्वरभाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं.

भाभींनी दार उघडलं. "या तांडेलभाऊ. सकाळपासून घड्याळ बघतायत."

अन्वरभाई पलंगावर उशीला टेकून बसले होते. काका घामेजल्या कपड्यांनी शेजारी बसले आणि सांगायला लागले.

"पहिल्या राउंडला आपन मागं पडलो. तू मना शिव्या घातल्यास, उशीर केला म्हनून. चवथ्याला घोळका पकडला. सहाव्याला तू मध्येच ब्रेक मारलास, मी तुझ्यावर चढलो असतो."

मला आधी वाटलं, माझं ऐकण्यात चुकतंय. अन्वरभाईंनी डावा हात उचलून जोरजोरात नकार दिला.

"बरं, मी मारला ब्रेक," काका म्हणाले. "भांडू नको."

भाभी स्वयंपाकघराच्या दारात माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "दर शर्यतीनंतर येतात. दोन वर्षांत सांगताना भाऊ एकदा पण ह्यांच्या पुढे गेले नाहीत."

"शेवटी तू डावीकडनं काढलीस," काका सांगत होते. "तू दहावा. मी अकरावा."

अन्वरभाई त्यांच्याकडे बघत राहिले. ओठ वाकडे झाले, गळ्याची शीर ताणली, आणि खूप वेळाने आवाज आला. "खो... टं."

"फोटो बघितलाय मी," काका म्हणाले. "चाकाएवढं अंतर व्हतं."

चहा घेऊन आम्ही निघालो. जिना उतरताना काका मधल्या पायरीवर थांबले, कठड्याला धरून. मला वाटलं पाय दुखतायत.

"'खोटं' बोल्ला ना तो?" त्यांनी विचारलं. "तूपन ऐकलंस ना?"

"ऐकलं की."

"पुरता शब्द हाय, बाय," काका म्हणाले. "दोन वर्षांत पयला."