अधिक महिन्यातली बॅटरी

माणसानं सासुरवाडीले यावं, जेवावं, आडवं व्हावं आणि ऊन उतरलं की आपल्या घरी जावं. आमचे जावई येतात, जेवतात, आडवे होतात आणि उठले की तपास करतात. कशाचा, ते मागून ठरते. मागच्या खेपेले गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्यानं उडालं होतं. यांनी शेजारच्या चौघांचे जबाब घेतले, एकाची उंची मोजली, आणि झाकण नालीत सापडल्यावर म्हणे, "मले वाटलंच होतं. चोरानं घाबरून माल टाकला."

नाव ऋषिकेश. राहतात हुडकेश्वरात. शिकवणीवर्गात फीच्या पावत्या फाडतात, पण ते कोणाले सांगत नाही. स्वतःची ओळख अशी करून देतात: "मामीजी, नागपुरात अजून गुन्हे होऊन राहिले, त्याचं एकच कारण आहे. मले नोकरी आहे." मग डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही." हे म्हणत होते तेव्हा त्यांच्या ताटातल्या पाकाले मुंग्या लागल्या होत्या.

मी सुभद्रा. चौथीपर्यंत शाळेत गेली. चौथीत मास्तरच आले नाही. पण आमच्या नंदनवन वस्तीत हातमाग अजून कोणाच्या घरी चालते म्हणून विचाराल तर लोक माझं घर दाखवतात. आणि हा मागच माझ्या पोराले, वैभवले, खुपते. मागाच्या खोलीत त्याले पलंग टाकायचा आहे. दिवाळीपासून त्याचं एकच टुमणं: "आई, कोण घेते आता हाताची साडी? काढून टाक तो माग." शेवटी मी त्याले शब्द दिला. पुण्याच्या एका दुकानाच्या बाया रविवारी चार वाजता फोनवर माझा माग पाहणार होत्या. यंत्राचं कापड हातमागाचं म्हणून विकणारे फार झाले, म्हणून त्यांना धोटा डोळ्यानं चालताना पाहायचा होता, चांगला घंटाभर. पसंत पडलं तर वर्षभराचं काम. नाही पडलं तर मीच माग उकलून देईन, असं मी पोराले सांगितलं. मी दिलेला शब्द फिरवत नाही, हे पोराले ठाऊक आहे. म्हणून तो पलंगाचं मापही घेऊन गेला.

सगळा भार आला माझ्या फोनवर. आणि त्याच आठवड्यात फोनले काय झालं देव जाणे. सकाळी लावला तर दुपारच्या जेवणापर्यंत वीस टक्के, संध्याकाळपर्यंत तीस. आधी माझी आंघोळ-पूजा होईस्तोवर भरत होता.

आता म्हणाल, दुसरा फोन नव्हता का? वैभवचा फोन त्याच्यासंगं कन्हानले कामावर जाते, रविवारीसुद्धा. सुनेच्या, अपेक्षाच्या, फोनचा कॅमेरा फुटला आहे. त्यात माणूस दुधात बुडाल्यासारखा दिसते. लेकीकडे साधा बटनाचा. राहिला जावयाचा. पण अधिक महिना चालू होता, आणि अधिकात जावई म्हणजे नारायण. त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे वाढायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. त्याले द्यायचं असते, त्याच्याजवळून मागायचं नसते. आणि आमच्या घरची आणखी एक रीत: महिनाभर जावयाले वाकडं बोलायचं नाही. माझ्या सासूनं घालून दिली. माझे तीन नंदवई, म्हणजे तिचे जावई, पाहता, बिचारीनं खून टाळायलेच घातली असेल.

जावई लेकीले घेऊन धोंड्याच्या जेवणाले आले ते राहिलेच. हुडकेश्वर काही विलायतेत नाही, अर्ध्या घंट्याचा रस्ता. पण त्यांच्या घरच्या कूलरचा पंप जळला आणि त्यांना सासू आठवली. आल्या आल्या बैठकीतल्या बोर्डातून माझ्या फोनची पिन काढली, आपली लावली, आणि म्हणे, "मामीजी, तुमचा फोन देवघरात लावतो. देवापाशी चोरी होत नाही." मी नारायणापुढे काय बोलणार. डोक्यावरचा पदर सारखा केला.

फोन भरत नाही म्हणताच त्यांनी हातातला अनारसा खाली ठेवला. हे त्यांच्याकडून क्वचित होते.

"हे साधं प्रकरण नाही," ते म्हणाले. "यात आतला माणूस आहे."

"कशाच्या आतला?" अपेक्षानं विचारलं.

"घरातला," ते म्हणाले आणि तिच्याकडे असं पाहिलं जशी ती वीज पदरात बांधून माहेरी पाठवते.

पहिला संशय कूलरवर आला. त्यांचं म्हणणं, घरात वीज येते ती नळाच्या पाण्यासारखी. कूलर मोठा आहे, तो अर्धी पिऊन टाकते, फोनच्या तोंडी थेंब. म्हणून भर दुपारी कूलर बंद. बाहेर डांबर वितळून राहिलं होतं. आम्ही चौघं भिंतीले पाठ लावून बसलो, घामाचे ओघळ पुसत. फोन आणखीच हळू भरला.

"याचा अर्थ कळला का मामीजी?" जावई म्हणाले.

"कूलर निर्दोष आहे."

"नाही. कूलरचा साथीदार आहे."

साथीदार म्हणून सुनेची चौकशी झाली. पोरगी पोळ्या लाटून राहिली होती, आणि हे दाराशी उभे राहून विचारतात, "रात्री फोन कोण पाहते?"

"भाऊजी, मले माझाच फोन पाहायले वेळ नाही."

"म्हणजे वेळ असता तर पाहिला असता."

"असता तर झोपली असती."

मग म्हणे, फोनच्या काचेवर ठसे आहेत, चिकट ठसे, आणि गुन्हेगाराचं बोट गोड आहे. अपेक्षाची बोटं पाहिली, तिथं कणीक. माझी पाहिली, तिथं सुताचे घट्टे. माझी लेक दामिनी, म्हणजे यांचीच बायको, दाराशी बसून तांदूळ निवडून राहिली होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुमची दाखवा." यांनी आपली बोटं पाहिली. त्यावर सकाळचा पाक होता.

"तपासणाऱ्याचे ठसे धरत नाहीत," ते म्हणाले आणि हात धुवायले गेले.

हे सगळं ऐकून मी मागावर जाऊन बसायची. खड्ड्यात पाय सोडले, धोटा इकडून तिकडे फेकला की डोकं थंड होते. नाहीतर त्या आठवड्यात माझ्या तोंडून काय निघालं असतं, ते तेहतीस वाणांनीही धुतलं गेलं नसतं.

शुक्रवारी जावयांनी कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि तपासाले नवं वळण आलं. आता फोन आजारी होता.

"मामीजी, बॅटरीले तब्येत असते. तुम्ही तिले शंभर टक्के भरवता, म्हणजे रोज पोट फुटेस्तोवर जेवू घालता. अशानं ती लवकर म्हातारी होते. ऐंशीवर हात आखडायचा. वीसच्या खाली उपाशी ठेवायची नाही."

"ऐंशीवर काय आखडता, ती चाळीसवर जाऊन राहिली नाही," मी म्हटलं. हे वाकडं नव्हतं, सरळच होतं.

"तेच तर. तिची भूक मेली आहे."

हे सांगत असताना त्यांनी स्वतः सातवा धोंडा उचलला. ऐंशीची गोष्ट बॅटरीपुरती होती.

मग उपचार सुरू झाले. फोनजवळ मोठ्यानं बोलायचं नाही. फोनले धूळ लागू नये म्हणून मी वाणात दिलेला नवा शेला त्यांनी त्याच्याभोवती गुंडाळला, दोन घड्या करून, बाळंतिणीच्या पोरासारखा. कव्हर आधीच होतं, रबराचं, जाड, त्याच्यावरून शेला. आणि हुकूम: "हा पुरावा आहे. कोणी हात लावायचा नाही."

शनिवारी त्यांनी स्वतः शेल्यात हात घालून पाहिलं आणि चेहरा उजळला.

"मामीजी, गरम झाला."

"मग?"

"मग म्हणजे? जोर लावून राहिला. पोळी कधी फुगते? तापल्यावर. फोन तापला म्हणजे करंट मावून राहिला. अजून तापू द्या."

मले यातलं कळत नाही. पण चाळीस वर्षं पोळ्या केल्या आहेत, आणि तापल्यावर पोळी फुगली नाही तर ती जळते हे मले माहीत आहे. समोर नारायण होते.

रविवार उजाडला. फोन सव्वीस टक्के. जेवणं झाली, अठ्ठावीस. एवढ्यावर घंटाभर फोन टिकत नाही. वैभवचा कन्हानवरून अपेक्षाच्या फोनवर फोन आला, "आई, भरला का फोन?" त्याच्या आवाजात पलंग ऐकू येत होता. मी मागाच्या खोलीत गेली, दिवा लावला. त्या खोलीत एक बल्ब आहे. बोर्ड नाही, पिन लावायची सोय नाही. बैठकीतून वायर ओढावी तर घरातलं लांब वायरचं एकच एक्सटेन्शनचं खोकं, ते जावयांनी आपल्या फोनले आणि टेबलपंख्याले लावलेलं, आणि ते स्वतः पंख्यापुढे तपासाचा विचार करून राहिले होते. डोळे मिटून. तोंड उघडं ठेवून.

ताण्यावर हात फिरवला. लाल किनार अर्धी झाली होती. मले वाटलं, ही किनार आता अर्धीच राहते.

तेवढ्यात देवघरातून दामिनीचा आवाज आला.

"आई, इकडे ये वं."

आमच्याकडे अधिकात महिनाभर अखंड दिवा असते. ती त्यात तेल घालायले गेली होती. बोर्ड दिव्याच्या अगदी मागं, आणि वायर हातभरच, म्हणून फोन ठेवला होता दिव्याच्या तोंडाशी. पितळेची मोठी समई, रात्रंदिवस पेटती, आणि तिच्यापुढे शेल्यात गुंडाळलेला फोन. दामिनीनं शेला उचलला आणि चटकन खाली टाकला.

"तवा झाला हा," ती म्हणाली. "आई, आठ दिवस फोन दिव्यावर शेकून राहिला. तापलेला फोन भरतच नाही. आमच्या दुकानातल्या सगळ्यांना माहीत आहे. उन्हात गाडीवर ठेवला की चार्जिंग बंद पडते."

ती झेरॉक्सच्या दुकानात बसते. हे मी आधी सांगायले पाहिजे होतं, पण या घरात तिले कोणी काही विचारलंच नाही. तिच्या नवऱ्यानं घरातल्या सगळ्यांचे जबाब घेतले, बायकोचा सोडून.

मग पोरगी कामाले लागली. फोनचं कव्हर सोलून काढलं. फोन बंद केला आणि मोरीजवळच्या थंड फरशीवर ठेवला. मी म्हटलं, माठात बुडव ना. ती म्हणे, "आई, भजं नाही ते, गार होऊ दे आपसूक." हाताले थंड लागल्यावर बैठकीत आणला, नवऱ्याच्या फोनची पिन उपटली, त्याच पिनवर माझा लावला, कूलर चालू करून त्याच्या वाऱ्यात, फोन बंदच ठेवून. जावई पंखा थांबला म्हणून जागे झाले, कारण खोकंही तिनं काढलं होतं.

"कोण आहे?" ते म्हणाले.

"आतला माणूस," दामिनी म्हणाली.

चारले फोन उघडला तेव्हा अठ्ठ्याहत्तर टक्के होते. पुण्याच्या बाया आल्या काचेत, तिघी. अपेक्षानं फोन धरला, हात न हलवता, घंटाभर. मी धोटा फेकला. त्यांनी किनार जवळून पाहिली, उलटी पाहिली, माझे घट्टे पाहिले. एक म्हणाली, "आजी, थोडं हळू करता का, दिसत नाही." मी म्हटलं, "करते. यंत्राले असं सांगून पाहा, ऐकते का." त्या हसल्या. फोन ठेवायच्या आधी वर्षभराचं काम सांगून गेल्या. वैभवले मीच कळवलं, पलंग गच्चीवर टाक म्हणून. वारा चांगला येते.

तुम्हाले वाटेल जावई लाजले असतील. संध्याकाळी शेजारचे महादेवराव आले, तर हे त्यांना सांगून राहिले होते, "मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो, आतला माणूस. आणि बॅटरीची तब्येत आहे, हेही मीच शोधलं. फक्त आजाराचं नाव बायकोनं सांगितलं."

"आणि फोन दिव्याजवळ कोणी ठेवला?" महादेवरावांनी विचारलं.

"तो मुद्दा गौण आहे," जावई म्हणाले आणि अनारसा घेतला.

मी ऐकलं. अधिक संपायले एक दिवस बाकी होता. तो मी जिभेवर पोळीचं भाजलेलं टोक धरल्यासारखा काढला. शेवटच्या दिवशी पाय धुतले, ओवाळलं, दिवा शांत केला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा महिना लागला. जावई पिशवी घेऊन दाराशी आले. पिशवीत शेला होता, त्याले तेलाचा डाग. वाकून नमस्कार केला आणि म्हणे, "मामीजी, प्रकरण मिटलं. आता काही बोलायचं असेल तर बोला."

अपेक्षा पोळपाट सोडून दारात आली. दामिनी रिक्षा थांबवून उभी राहिली. मी पदर खांद्यावर घेतला, डोक्यावरचा काढला, आणि म्हटलं:

"जावईबापू, गुन्हेगार घरातला नव्हता. पाहुणा होता, आणि मी इतके दिवस त्याचेच पाय धुऊन राहिली होती. जा आता सुखानं, पुढच्या अधिकाले या, तीन वर्षांनी. तोवर माझं तोंड मोकळं आहे, आणि ते चार्जिंगविना चालते."