तेलातला कडता

शिरूरच्या मार्केट यार्डातले अडते पोपटराव यांनी कित्येक वर्षं नंबर लावून स्कूटर मिळवली आणि पहिल्याच दिवसापासून तिलाही कडता लावला. कडता ही यार्डातली पवित्र रीत. शेतकऱ्याचं पोतं काट्यावर चढलं, की माती आणि ओल यांच्या नावानं थोडा माल कमी धरायचा. पोपटरावांचा हात त्यात इतका बसला होता, की पेट्रोलमध्ये मिसळायचं तेलसुद्धा त्यांच्याच्यानं पुरतं ओतवत नसे. कंपनीनं सांगितलेलं माप भरायचं आणि निम्मं परत बाटलीत. उरलेलं तेल ते काट्याला घालत. यार्डात तेवढं एकच यंत्र सुरळीत चाले.

आज मात्र वरवंडला लेकीची सुपारी फुटायची होती. दुपारच्या आत पोचला नाहीत तर आम्ही कासुर्डीचं स्थळ बघायला निघू, असं पाहुण्यांनी स्वच्छ कळवलं होतं.

"आज तरी तेल पुरतं घाला," त्यांची बायको सिंधूबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

"कंपनीवाले त्यांचा माल खपवाया जादाच सांगत्यात," पोपटराव म्हणाले. जादा सांगणाऱ्यांची त्यांना चांगली ओळख होती.

चौफुला मागे पडला आणि स्कूटर किंचाळून जागीच थांबली. पोपटराव किकवर अख्खे उभे राहिले, तरी ती खाली जाईना. तेवढ्यात वरवंडचा गेणबा रिकामी बैलगाडी घेऊन आला. त्याचा कांदा दरसाल पोपटरावांच्याच काट्यावर चढे. पोपटरावांनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा 'गेणबाराव' म्हटलं. त्यानं स्कूटर गाडीत चढवून दोरानं बांधली आणि वाटेत काय बिघडलं ते विचारलं. अडला माणूस खरं बोलतो. पोपटरावांनी तेलाचं सगळं सांगून टाकलं. गेणबानं बैलांना टिचकारलं.

वरवंडच्या देवळाचा कळस दिसू लागला, तसे त्यानं बैल थांबवले आणि दोर सोडला.

"उतरा आप्पा."

"आरं, गाव तिथं फुडं दिसतंय की."

"व्हय. तेवढा कडता."

पोपटरावांनी स्कूटर खाली घेतली. कडत्यापुढं आजवर शेतकऱ्यांचंही काही चाललं नव्हतं. भर दुपार झाली, तरी ते उन्हात स्कूटर ढकलतच होते. समोरून एस.टी. येत होती. त्यांनी हात केला, पण ती थांबली नाही. खिडकीतून होऊ घातलेल्या व्याह्यांनी मात्र अगदी अदबीनं नमस्कार केला, आणि गाडी कासुर्डीच्या दिशेनं निघून गेली.