अंबूबाईंचे दात आणि एक गुन्हेगार

मल्हार रविवारी सकाळी मोबाइलवर इन्कमटॅक्सचं रिटर्न भरायला बसला, तेव्हा अंबूबाई समोर बसून कुकरमधला गुरगुट्या भात चिवडत होत्या. त्यांच्या तोंडात चारच दात उरले होते, आणि त्यांतला एकही दुसऱ्याच्या समोर येत नव्हता. आयुष्यभर मेंढरांमागे फिरताना कडक भाकरी कडाकडा चावलेली ही बाई. दुधात भिजवलेल्या भाकरीकडे बघूनच तिचा जीव विटायचा. स्क्रूवर बसणाऱ्या पक्क्या दातांसाठी मिरजेच्या डॉक्टरांनी ऐंशी हजार सांगितले होते. मल्हारने ते बँकेत बाजूला ठेवून गुरुवारची तारीखसुद्धा घेतली होती.

"टॅक्स बसंल का रं?" अंबूबाईंनी विचारलं.

"छ्या! बारा लाखांपतूर काय लागत न्हाई, आये. साताऱ्याच्या कंपनीनं सहा महिन्यांत पाच लाख सत्तर हजार दिलं. ऑक्टोबरात मिरजेच्या कंपनीत आलो, तिथं सहा महिन्यांत सात लाख ऐंशी. कुठं बारा होत्यात?"

"दोनी मिळून?"

"दोन येगळ्या कंपन्या हायत त्या. मिळून कशाला मोजायचं?"

अंबूबाईंनी पुन्हा भातात बोटं घातली. दोन वाड्यांतली मेंढरंही त्या मिळूनच मोजायच्या, पण शिकलेल्या पोरापुढं कशाला बोला!

मल्हारने शेवटचं बटण दाबलं. भरावयाची रक्कम, व्याजासकट, ऐंशी हजार आठशे. त्याने मोबाइल बंद करून चालू केला. अंगणात जाऊन, रेंज चांगली घेऊन परत पाहिलं. आकडा जागचा हलला नाही. म्हणजे अख्खे दात गेले आणि वर आठशे रुपये.

"कुनीतरी घोळ घातलाय, आये. आन ज्यानं घातलाय त्याला मी सोडनार न्हाई!"

"हितं घिऊन ये त्याला," अंबूबाई शांतपणे म्हणाल्या. "चावलं न्हाई तर नावाची अंबूबाई न्हाई. आता दात न्हाईत म्हनून वाचलाय मुडदा."

सोमवारी मल्हारने रजा टाकली, वाढलेल्या पगारावर घेतलेली नवी कोरी मोटरसायकल काढली आणि कुंडलहून थेट सातारा गाठलं. जुन्या कंपनीचे हिशेबनीस नाथाजी यांनी त्याला चहा पाजला, कागद दाखवले आणि हात झटकले.

"गड्या, आमच्याकडं वर्साचा तुजा पगार बाराच्या आतच बसत हुता. आमी एक रुपाया कापला न्हाई. आमचं काय चुकलं?"

"मग माझं चुकलं व्हय?"

"ते मी कसं सांगू? नव्या कंपनीला इचार."

मल्हार भणभणत बाहेर पडला आणि जुने घरमालक तात्याबा यांच्या ओट्यावर जाऊन टेकला. तात्याबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही आकडे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहिले, बेरीज केली आणि मिशीवर हात फिरवला.

"साडेतेरा लाख. मल्हार, कँटीनमध्ये जवानाला म्हयन्याचा बाटल्यांचा कोटा असतोय, ठावं हाय न्हवं?"

"आवं तात्याबा, हितं माझं दात निघालं... म्हंजी आईचं. तुमी बाटल्या कुठं काढताय?"

"ऐक तर. एक गडी म्हयन्याच्या मध्यात बदलून दुसऱ्या युनिटात गेला. जुन्या कँटीनमधनं त्यानं पुरा कोटा उचलला. नव्या कँटीनला काय सांगितलंच न्हाई, तिथनंबी पुरा उचलला. दोनी कँटीनची वही बरोबर. पन कोटा मानसाचा असतोय, कँटीनचा न्हाई! तपासनी झाली, आन गडी सापडला."

मल्हारने ती बेरीज पुन्हा करून पाहिली. दोन्ही कंपन्यांनी त्याला आपापल्या परीने पुरी माफी दिली होती, आणि सरकारने फक्त बेरीज केली होती. टॅक्स खरा होता.

"मग नव्या कंपनीनं जुना पगार इचारायला पायजे हुता की!" तो उसळला.

"बराबर! आमच्यात जुन्या युनिटाचा पगाराचा कागद आल्याबिगार नवं युनिट दमडी देत न्हाई. तुला कुनी इचारलं न्हाई का?"

"न्हाई!"

"मग तिथं कुनीतरी झोपलंय. धर त्याला."

मंगळवारी सकाळी मल्हार मिरजेच्या ऑफिसात शिरला तो बाह्या सरसावूनच. तो तिथे प्रशासन विभागाचा मॅनेजर होता; शिपायापासून सगळे त्याला वचकून असत. तो तडक हिशेब विभागातल्या नीलिमापुढे जाऊन उभा राहिला.

"नवीन माणूस आला की जुन्या पगाराचा फॉर्म घ्यायचा असतो, हे तुम्हाला माहीत नाही?"

"माहिती आहे की सर. आधी घेत होतो. ऑक्टोबरपासून बंद झाला."

"कोणी बंद केला? मला नाव पाहिजे. लेखी पाहिजे!"

नीलिमा गडबडली. "सर, राहू दे ना आता."

"राहू दे काय? माझ्या आईचे दात गेले त्याच्यापायी! काढा फाइल!"

नीलिमाने कपाटातून निमूटपणे 'उत्तम सूचना स्पर्धा' असं लिहिलेली फाइल काढली आणि त्याच्यापुढे उघडली. सूचना अशी होती: 'नवीन कर्मचाऱ्याकडून तेवीस फॉर्म भरून घेणे हा छळ आहे. पैकी चौदा निरुपयोगी फॉर्म तात्काळ बंद करावेत.' खाली चौदा फॉर्मांची नावं होती. नवव्या क्रमांकावर 'पूर्वीच्या पगाराची माहिती'. त्याखाली झोकदार सही, आणि शेजारी फोटो. फोटोत प्रथम क्रमांकाचा प्रेशर कुकर छातीशी धरून मल्हार हसत होता.

रुजू होऊन चारच दिवस झाले होते तेव्हा. स्वतःच्या तेवीस फॉर्मांपैकी नऊच भरून त्याने उरलेला गठ्ठा टोपलीत टाकला होता.

"लेखी देऊ का, सर?" नीलिमाने विचारलं.

"नको," मल्हार म्हणाला. "एक कोरा कागद द्या." त्याने तिथेच उभ्या उभ्या यादीतला नववा फॉर्म पुन्हा सुरू करण्याचा आदेश लिहिला. त्याच्यानंतर रुजू झालेल्या राजरत्नला स्वतः जाऊन सावध केलं. संध्याकाळी बँकेतल्या पैशांतून टॅक्स भरला, आणि बुधवारी मोटरसायकल विकली. दातांची तारीख त्याने चुकू दिली नाही. त्या दिवसापासून स्वारी किर्लोस्करवाडीहून पॅसेंजरने मिरजेला जाऊ लागली.

"सापडला का रं त्यो?" गाडी विकली त्या रात्री अंबूबाईंनी विचारलं होतं.

"शोध चालू हाय," मल्हार कुकरकडे पाठ करून म्हणाला होता.

चार महिन्यांनी पक्के दात बसले. पहिल्या दिवशी अंबूबाईंनी मुद्दाम तव्यावर कडक केलेली भाकरी घेतली आणि असा काही घास तोडला की अंगणातलं कुत्रं उठून बसलं. मल्हारला बरं वाटलं. मोटरसायकलचं दुःख त्या एका आवाजात निम्मं झालं.

"आता आन त्याला," अंबूबाई म्हणाल्या.

मल्हारने ताटाजवळचा हात हळूच मागे घेतला. "बदली झाली त्याची, आये. लांब गेला."

"कुठं लांब? रोज सकाळी पॅसेंजरनं जातुय, आन सांजच्याला माझ्या हातचं जेवतुय की!"

मल्हारने ताटावरून मान वर केली. "तुला कुनी सांगितलं?"

"सांगाय कशाला लागतंय? दुसऱ्याचं चुकलं असतं तर तू भांडून गाव गोळा केलं असतंस. गाडी इकून गप आलास, तवाच वळखलं."

आणि त्यांनी उरलेली अर्धी भाकरी त्याच्या ताटात टाकली.

"खा. तुला दात हायत तवर खा."