सौजन्यजन्य विलंब

कामगारांच्या पगारातून कापलेला कर मालकाने ठरलेल्या तारखेपर्यंत सरकारी खिडकीवर भरावा, असा नियम आहे. आणि जो उशीर करील त्याला दंड व्हावा, हेही रास्तच आहे. ब्रशवाल्यांना हे मनापासून पटत असे. बाटल्या धुण्याचे ब्रश बनवण्याचा त्यांचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तार पिळण्याचे एक यंत्र आणि तीन कामगार. त्यांतली एक त्यांची सख्खी मावशी. घरबसल्या कर भरण्याची सोय होती, पण ती यंत्रणा नेमकी शेवटच्या तारखेला विश्रांती घेई. म्हणून कापलेली रक्कम वेगळ्या पाकिटात घालून ब्रशवाले स्वतः कार्यालयात जात.

त्या महिन्यात शेवटच्या तारखेला त्यांचा नंबर आला तेव्हा खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. तेवढ्यात मागून एक आजीबाई काठी टेकत आल्या. शिवणकामाच्या लहानशा दुकानाच्या त्या मालकीण, आणि गुडघेदुखीने त्यांना अगदी जेरीस आणले होते. रांगेतल्या प्रत्येकाला विचारत विचारत त्या पुढे आल्या होत्या आणि प्रत्येकाला अचानक मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचे सापडले होते.

"बाळा, मी पुढे जाऊ का रे? उभं राहवत नाही."

"या ना आजी, त्यात काय!"

"भलं होईल तुझं," आजी म्हणाल्या. त्यांचे काम आटोपले आणि खिडकीची फळी धाडकन खाली आली. ब्रशवाल्यांची बोटे थोडक्यात बचावली.

दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या कारकुनाने उशिराचे कारण विचारले. ब्रशवाल्यांनी घडले तसे सांगितले. कारकुनाने पेन खाली ठेवले.

"असा रकाना नाही हो. आजारपण आहे, पूर आहे, वाहनबिघाड आहे. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू असेल तर पूर्ण माफी. तुमच्याकडे कोणी गेलंय का?"

"नाही बुवा."

"आठवून बघा, घाई नाही. काल तुमच्या मागे जेवढे उभे होते, त्या सगळ्यांकडे रात्रीतून कोणी ना कोणी गेलंय."

"एक मावशी आहे. पण ती कामावर आहे."

"सख्खी?" कारकुनाचा चेहरा उजळला.

"सख्खी. पण खोटं कसं लिहू?"

कारकुनाने त्यांच्याकडे कणवेने पाहिले. "मग साहेबांकडे जा. खरं बोलणाऱ्यांची प्रकरणं तेच बघतात."

साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. "विसरला असतात तर साधा दंड होता," ते म्हणाले. "पण तुम्ही शुद्धीवर होतात, पैसे हातात होते आणि विचार करून मागे सरलात. हा सौजन्यजन्य विलंब. म्हणजे हेतुपुरस्सर. दुप्पट दंड. शिवाय तुम्ही त्या बाईंना तुमचा नंबर दिलात. नंबरला किंमत असते. मालकाने एखाद्याला किमतीची गोष्ट दिली, की तो पगार."

"अहो, त्या माझ्याकडे कामाला नाहीत!"

"बदल्यात त्यांनी काही केलं?"

ब्रशवाले घुटमळले. "‘भलं होईल तुझं’ म्हणाल्या."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे सेवा दिली! तुम्ही नोंदणी न करता आशीर्वाद द्यायला कर्मचारी नेमलीत. तिच्या पगारातून कर कापला नाहीत. तो भरायची मुदतही कालच संपली. हा दंड वेगळा."

"पण साहेब, माझं कुठे काय भलं झालंय?"

"कामाचा दर्जा हा मालक आणि कामगार यांच्यातला प्रश्न. त्यात कार्यालय पडत नाही."

दंड वसूल होईपर्यंत कारखान्याला टाळे लागले. कारखाना उघडायचा नाही, मात्र कामगारांचे पगार आणि त्यांवरचा कर वेळेत आला पाहिजे, अशी सूचना टाळ्याखाली चिकटवण्यात आली. पायरीवर मावशी डबा मांडीवर घेऊन बसली होती. आई गेल्यावर ब्रशवाल्यांना हाताला धरून तार पिळायला तिनेच शिकवले होते. पगारातल्या कपातीतून तिचे निवृत्तिवेतन साठत होते, आणि ते हाती यायला आता थोडेच दिवस राहिले होते.

सगळे ऐकून ती म्हणाली, "अरे, मग मला मार की."

"मावशी, काय बोलतेस हे!"

"कागदावर रे! हा कारखाना बुडाला तर तिघंही उपाशी मरू. त्यापेक्षा मी एकटी मेलेली काय वाईट? जा, लिही."

ब्रशवाल्यांना रडू कोसळले. मग त्यांनी डोळे पुसले आणि लिहिले.

कार्यालयाने सुटकेचा निःश्वास टाकला. मृत्यूच्या कागदावर अर्जदाराखेरीज आणखी एका जवळच्या नातेवाइकाची सही लागे. तेवढी जवळची मावशीच, तेव्हा तिने येऊन सही केली. साहेबांनी उभे राहून तिचे सांत्वन केले. दुःखाच्या भरात आपल्या पुढे कोण गेले हे मालकाला कळले नाही, असा निष्कर्ष निघाला. सौजन्याचा आरोप रद्द झाला, आजींची नोकरी संपली आणि टाळेही निघाले. फक्त मृत व्यक्तीला पगार देणे हा गंभीर गुन्हा आहे, हे साहेबांनी जाताजाता बजावले.

तेव्हापासून मावशी खोलीच्या मागच्या कोपऱ्यात तार पिळते. ब्रशवाले तिच्या हातात गुपचूप पैसे ठेवतात, पण निवृत्तिवेतन तिच्याबरोबरच वारले. ती त्यावरून थट्टा करते. त्यांना हसू येत नाही.

पुढच्या महिन्यात ब्रशवाले लवकर जाऊन रांगेत उभे राहिले. खिडकी जवळ आली, आणि मागून काठीचा आवाज आला.

"बाळा, ओळखलंस ना? जाऊ का रे पुढे?"

ब्रशवाल्यांचे कान तापले. त्यांना ते टाळे दिसले, पायरीवरची मावशी दिसली. त्यांनी मान खाली घातली आणि मोबाइल काढला. त्यांचे पैसे भरले गेले, त्यांच्या मागच्यांचेही गेले, आणि आजी तेवढ्या फळीबाहेर राहिल्या.

"सुधारलात हो," कारकून आतून म्हणाला. "मागच्या वेळी तुमची काळजीच वाटली होती."

ब्रशवाल्यांना घरापर्यंत मान वर करवली नाही. त्यांना निदान दंडाची भीती होती. रांगेत त्यांच्या मागे, वाचकहो, आपण उभे होतात आणि आजींनी आधी आपल्याला विचारले होते. आपल्याला कधी नोटीस आली नव्हती, आपल्या दाराला टाळे लागले नव्हते. तरी आपण मोबाइलमधून मान वर केली नाहीत. आपला कर मुदतीत जमा झाला आहे. पावती जपून ठेवावी.