हारातले जीवराम आबा

"कोणती सिस्टीम, ते उद्या संध्याकाळपर्यंत ठरवतो म्हणजे ठरवतोच!" चोपड्याच्या स्टँडसमोरच्या आपल्या स्टुडिओत लीलाधरने छाती फुगवून सांगितलं. साल सत्त्याण्णव. फोटोच्या कामाला कॉम्प्युटर घ्यायचा, म्हणून बायकोने, झुंबरबाईने, हातातल्या पाटल्या उतरवून दिलेल्या. आता विंडोज घ्यावी की मॅक? जळगावचे दोन दुकानदार आपापल्या मशीनचा महिमा असा गात, की कीर्तनात बुवांनी नामाचाही तितका गायला नसेल!

"चुकलात तर पाटल्या गेल्या हं!" झुंबरबाईने बजावलं.

लीलाधरने परीक्षाच घेतली. स्टुडिओचं निम्मं काम गेलेल्या माणसांच्या फोटोंचं : घोळक्यातून चेहरा काढायचा, हार घालायचा, पुढे समई ठेवायची. सप्ताहाच्या फोटोत विणेकरी जीवराम आबा उभे होते, झुपकेदार मिशांचे. कापायला याहून अवघड काय? दोन्ही दुकानांतून आबांना हार घालून आणलं, दोन्ही फोटो दर्शनी काचेत टांगले आणि खाली चिठ्ठी लावली : 'कोणता बरा?'

चिठ्ठी कोण वाचतो! एस.टी.तून उतरलेल्या पहिल्याच माणसाने हार पाहून टोपी काढली. परतीच्या एस.टी.ने बातमी गेली, आणि दोन तासांत आबांच्या गावाहून केळीचा ट्रक भरून माणसं आली! सकाळी धडधाकट नवरा चोपड्याच्या बाजाराला गेलेला. आबांच्या बायकोने, भिकुबाईने, जो टाहो फोडला, त्यापुढे मृदंग लाजावा!

गर्दी पाहून बाजारातला एक म्हातारा आत घुसला. त्यानेही टोपी काढली.

"कोन गयं रे भाऊ?"

मग वर फोटोकडे पाहिलं. म्हातारा म्हणजे खुद्द आबाच होते!

"मी जित्ता शे ना! माले कोनी मारी टाकं?"

लीलाधरने पाय धरले. "आबा, कॉम्प्युटरची परीक्षा होती!"

"परीक्षा कॉम्प्युटरनी, आन् मरनू मी?"

पण रडणारे एव्हाना डोळे पुसून फोटोंपुढे जमले होते. "डावा बरा!" "उजवा!" दोन तट पडले! शेवटी भिकुबाईने बोट ठेवलं, "डावा. ह्यामा त्या मनाकडे देखी राह्यनात."

बायकोकडे बघणारा तो डावा विंडोजचा. ठरलं!

आबांनी तो उतरवून काखेत मारला. "राहू दे. कधी तरी लागीच."

"मना बी एक काढी ठेव, भाऊ," भिकुबाई हळूच म्हणाली. "हार मोगराना टाक."

मग काय! ट्रकभर जिवंत माणसांनी हारवाल्या फोटोंसाठी रांग लावली. लीलाधर आनंदाने नावं लिहीत सुटला. एकविसाव्या नावाला त्याला आठवलं : कॉम्प्युटर अजून आणायचाय, आणि तो चालवायला आपल्याला येत नाही!