मशीन ‘आई’ म्हणतंय

जयपूरला मालवीय नगरातल्या आमच्या गल्लीत शरयूताई टिकेकरांचं नाव काढलंत, तर लोक दोन गोष्टी सांगतील. एक, ताईंना वॉशिंग मशीनची भाषा येत असे. दोन, त्या एकदाच हरल्या, आणि तेही सबनीसांच्या मशीनपुढे. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी साफ खोटी. सबनीस म्हणजे मी. हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. कधी पाहुणे होते म्हणून, कधी पाहुणे नव्हते म्हणून. आता वयच असं झालंय की टाळायलाही फारशी जागा उरलेली नाही.

पण आधी ताईंची भाषा. मशीन अडलं की त्याच्या पडद्यावर दोन इंग्रजी अक्षरं चमकायला लागतात. मग आपण ती पुस्तिका शोधायला लागतो, जी कधीच सापडत नाही. ताई ती अक्षरं सरळ मराठीत वाचत. ‘यू-ई’ दिसलं की म्हणत, “उई म्हणतंय. कपडे एका अंगाला गेलेत, कंबर धरलीय त्याची.” ‘ओ-ई’ म्हणजे “ओय! तुंबलंय, पाणी बाहेर जात नाही.” ‘डी-ई’ म्हणजे “दे! दार नीट लावून दे.” आणि ‘आय-ई’ आलं की त्यांचा चेहरा एकदम मऊ होई. “आई म्हणतंय. तहान लागल्यावर लेकरू दुसऱ्या कुणाला हाक मारणार? पाणी पोचत नाहीये त्याला.”

तुम्ही हसाल. आम्हीही हसलो होतो. नंतर कंपनीचा माणूस आला की तो हेच सांगे, फक्त जास्त वेळ घेऊन.

त्यामुळे ताईंना फोन केला की त्या कधी “काय झालं?” असं विचारत नसत. “काय म्हणतंय?” असं विचारत. आम्हीही तसंच बोलायला लागलो होतो. शेजारचे मीणाजी, ज्यांचा मराठीशी काही संबंध नाही, तेसुद्धा गच्चीवरून ओरडत, “ताईजी, आज फिर आई बोल रही है!”

त्या ‘ताईजी’चीही एक गंमत आहे. आपल्याकडे ताई म्हणजे थोरली बहीण. इकडे हिंदीत ताईजी म्हणजे थोरली काकू. आम्ही चार मराठी घरं त्यांना ताई म्हणायचो, ते ऐकून सगळी गल्ली ताईजी म्हणायला लागली. ताईंनी सुरुवातीला खुलासे केले. मग सोडून दिलं. “जाऊ दे. इन्शुरन्समध्ये तीस वर्षांत मिळाली नाही तेवढी बढती इथे एका ‘जी’त मिळाली,” म्हणाल्या.

मूळच्या सांगलीच्या. विमा कंपनीत नोकरी, बदली होऊन जयपूरला आल्या आणि इथेच निवृत्त झाल्या. सगळी नोकरी क्लेम खात्यात. जळालेली दुकानं, ठोकलेल्या गाड्या, पळवलेली गुरं, सगळं तपासून झालेलं. त्यातून त्यांचा एक सिद्धांत तयार झाला होता. “माणूस सगळं सांगतो हो, ते एक सोडून. ते एक कुठलं, एवढंच शोधायचं असतं. मशीनचं तसं नाही. मशीन खोटा क्लेम करत नाही.” दुरुस्ती झाली, ड्रम फिरायला लागला, की त्या हात पुसत जाहीर करत, “क्लेम मंजूर!”

एक वाक्य मात्र त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. ते म्हणजे “कार्ड गेलंय.” कुठलाही मेकॅनिक आला, वर टकटक केलं, खाली टकटक केलं, की मशीनचं कार्ड, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक मेंदू, गेलं म्हणून सांगतो. “कार्ड गेलं असं जो म्हणतो ना, त्याला घरी जायची घाई झालेली असते,” ताई म्हणत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शर्मा भाभींच्या मशीनचं कार्ड गेलंय असा निकाल लागला होता. ताईंनी जाऊन झाकण उघडलं, तर आत भाभींनी अख्खी दुहेरी रजई कोंबलेली. “भाभीजी, ये मशीन है, घूमर नहीं करेगी रजाई लेकर,” ताई म्हणाल्या. रजई निघाली, मशीन शहाण्यासारखं चालायला लागलं, आणि त्या दिवसापासून शर्मा भाभी ताईंच्या प्रचारप्रमुख झाल्या.

अवजारं म्हणाल तर कापडी पिशवीत एक पक्कड, एक जुना टूथब्रश, लिंबाच्या सताची पुडी आणि कडा चेपलेला एक स्टीलचा मग. जयपूरचं पाणी जड. त्यातून उन्हाळ्यात आंधी आली की टाकीत धूळ जाते. मशीनला पाणी देणाऱ्या पाइपच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी जाळी असते, ती चुन्यानं आणि वाळूनं भरून जाते. “मूतखडा झालाय,” ताई निदान करत. खाली मग धरून पाइप जरा सैल करायचा, पाणी येतंय ना ते बघायचं, नळ बंद करून पाइप सोडायचा, जाळी पकडीनं ओढून काढायची, लिंबाच्या सतात बुडवायची, ब्रशनं घासायची. तेवढ्यात त्यांचा चहा होई. आलं घातलेला, साखर बेताची. तीच फी. चहा संपायला मात्र तास लागे, कारण तेवढ्यात त्या घरातल्या सगळ्यांची चौकशी व्हायची असे. कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन.

आणि आता खरी मौज सांगतो. ताईंच्या स्वतःच्या घरी वॉशिंग मशीन नव्हतं.

“माझ्या दोन साड्यांना कशाला हवं मशीन?” त्या म्हणत. “घरात आवाज यावा म्हणून?” त्यांचे यजमान फार लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. आम्ही त्यांच्या या उत्तरावर हसत असू. तेव्हा ते नुसतं विनोदी वाटायचं.

आता माझा पराक्रम.

मी निवृत्त इंजिनीअर. उभा जन्म केंद्र सरकारच्या वसाहतींसाठी पाण्याच्या टाक्या बांधण्यात आणि नळ टाकण्यात गेला. निवृत्तीनंतर घरात कुणी मला बल्बही बदलू देईना. काही बिघडलं की आमची शालिनी ताईंना फोन करी. मी समोर पेपर वाचत बसलेला असे. “अहो, तुम्ही बसा, ताई बघतील,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ताईंचा टूथब्रश पाहिला तरी माझं डोकं फिरायचं.

त्या वर्षी मुग्धाचं, म्हणजे आमच्या मुलीचं, लग्न झालं होतं आणि नवा जावई निखिल पहिल्यांदाच जेवायला येणार होता. मुलगा नाशिकचा, इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत. ऐन ज्येष्ठातलं ऊन. त्याला गार वारं मिळावं म्हणून मी सकाळी कूलरचा वाळा बदलायला घेतला. कूलरचं आणि मशीनचं पाणी एकाच नळावरून येतं आणि तो नळ कूलरच्या मागे आहे. तो मी बंद केला. वाळा बसवला, कूलर बादलीनं भरला. नळ उघडायचा राहिला.

जेवताना मी निखिलला माझ्या टाक्या ऐकवत होतो. तो बिचारा इतक्या आदरानं ऐकत होता की आमरसाची वाटी त्याच्या पांढऱ्या शर्टावर पालथी झाली. शालिनीनं त्याला माझा झब्बा दिला आणि शर्ट मशीनमध्ये टाकला. मिनिटभरात ती बाहेर आली.

“अहो, मशीन आई म्हणतंय! ताईंना बोलवते.”

“मी बघतो ना,” मी म्हणालो.

“तुम्ही जावयाशी बोला,” ती म्हणाली, आणि जावयासमोर म्हणाली.

ताई पिशवी घेऊन हजर झाल्या. शर्मा भाभीही कचोरीची ताटली घेऊन मागोमाग. ताईंनी नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, “नळ बघितला का?”

मी बघितला नव्हता. माझ्या डोक्यातच नव्हता. पण निखिल माझ्याकडे बघत होता.

“ताई, चाळीस वर्षं पाण्याचीच कामं केली मी. नळ न बघता तुम्हाला बोलावलं असतं का?”

“म्हणजे बघितला?”

“बघितला. पूर्ण उघडा आहे.”

“बरं,” ताई म्हणाल्या.

त्यांनी मशीन पुढे ओढलं. खाली मग धरला आणि मागचा पाइप जरा सैल केला. मग तशाच वाकून राहिल्या. मला वाटलं, कंबर धरली. मग त्यांनी मगात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या झब्ब्यात अवघडून उभ्या असलेल्या निखिलकडे पाहिलं. पाइप पुन्हा आवळून टाकला. जाळी काढलीसुद्धा नाही.

“क्या हुआ ताईजी?” शर्मा भाभींनी विचारलं.

“नहीं होगा भाभीजी मुझसे.” आणि मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाल्या, “शालिनी, कार्ड गेलं असेल गं. कंपनीचा माणूस बोलव.”

कार्ड! ताईंच्या तोंडून! शर्मा भाभींच्या हातातली ताटली कलंडली. चहा न घेताच ताई गेल्या.

संध्याकाळी कूलर भरायला गेलो आणि नळ हाताला लागला. बंद. उघडला. आत मशीन घटाघटा पाणी प्यायला लागलं.

त्याच क्षणी हसत सांगून टाकायचं होतं. बायको दोन दिवस चिडवत राहिली असती, एवढंच. पण निखिल धावत आला. “बाबा, चालू झालं! काय केलंत?”

“थोडं डोकं लावावं लागतं,” मी म्हणालो.

हे वाक्य शर्मा भाभींनी रात्र व्हायच्या आत गल्लीभर पोचवलं. “ताईजी से नहीं हुआ, अंकलजी ने कर दिया.” लोक माझ्याकडे मशीनच्या तक्रारी घेऊन यायला लागले. मीणाजींच्या मशीनपुढे उभा राहून मी बराच वेळ गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, “कार्ड गेलंय.”

ताईंना फोन येणं कमी झालं. क्वचित कुणी बोलावलंच, तर त्या म्हणत, “आता डोळे साथ देत नाहीत. सबनीसांना विचारा.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. संध्याकाळी मी फिरायला जाताना त्या आपल्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या दिसत. घराघरांतून मशीनं वाजत असत. एखादं अडून लागोपाठ वाजायला लागलं की त्यांची मान किंचित तिरकी होई, मग पुन्हा सरळ. मी मान खाली घालून पुढे जाई. उद्या सांगू.

मग सांगलीहून त्यांची भाची आली आणि त्यांना घेऊन गेली. जायच्या दिवशी सगळी गल्ली जमली. कुणी घेवराची मिठाई आणली, शर्मा भाभी तर हुंदके देऊन रडल्या, मीणाजींनी सामान चढवलं. एकट्या बाईला निरोप द्यायला एवढी माणसं! आम्ही कुणीच तिच्या नात्याचे नव्हतो आणि ती आम्हा सगळ्यांची थोरली काकू होती. मला आजही त्या गर्दीचा अभिमान वाटतो. त्या गर्दीत मी सर्वांत मागे उभा होतो, एवढं सोडून. त्यांनी पिशवीतला मग काढून शालिनीला दिला. “राहू दे तुझ्याकडे. तिकडे भाचीचं मशीन नवं आहे.”

गेल्या महिन्यात आमचं मशीन पुन्हा आई म्हणालं. शालिनी देवळात गेली होती. मी ठरवलं, ताई करायच्या तसं करायचं. नळ उघडा आहे ना, ते या वेळी स्वतः हात लावून पाहिलं. खाली मग धरला आणि पाइप सोडला.

फवारा थेट तोंडावर आला. चष्मा उडाला, झब्बा भिजला, मग भरून वाहायला लागला. टाक्या बांधणाऱ्या माणसाला हे सुचायला नको का, की पाइप सोडायच्या आधी नळ बंद करतात? नळ उघडा असेल तर पाणी उसळणारच.

मी तिथेच खाली बसलो. त्या दिवशी मगात एक थेंब पडला नव्हता.

म्हणजे ताईंना कळलं होतं. पाइप सैल केला त्याच क्षणी कळलं होतं. सगळी हयात खोटे क्लेम पकडण्यात गेलेली बाई ती. तिच्यासमोर रिकामा मग होता, आणि “नळ पूर्ण उघडा आहे” म्हणणारा मी होतो, आणि माझा नवा जावई होता. तिनं जावयाकडे पाहिलं आणि स्वतःचं नाव खाली ठेवलं.

ओल्या कपड्यांनिशीच मी सांगलीला फोन लावला. किती वर्षांनी त्यांचा आवाज ऐकला. बारीक झाला होता.

“ताई, मी सबनीस. जयपूरहून.”

“अगंबाई! काय म्हणतंय?”

माफी मागायला फोन केला होता. शब्द जुळवून ठेवले होते. पण तो प्रश्न ऐकला आणि तोंडून निघालं, “आई म्हणतंय.”

पलीकडून त्या म्हणाल्या, “आधी नळ बघा.”

मी कूलरमागे हात घालून नळ पुन्हा चाचपला.

“बघितलात?” त्यांनी विचारलं.

“हो. या वेळी बघितला.”

“मग जाळी असेल. लिंबाचं सत संपलं असेल तर आणा वाण्याकडून.” आणि त्याच सुरात पुढे, “जावईबापू कसे आहेत? मान ठेवतात ना तुमचा?”

“ठेवतात, ताई.”

“झालं तर मग. क्लेम मंजूर.”

“ताई, त्या दिवशी तो नळ...” एवढं मी म्हणालो, पण तोवर त्यांनी फोन ठेवला होता.